आमच्या फॉर्मात नसलेला रकाना

आमच्या वधू-वर मंडळाच्या फॉर्मात पोटजातीचा रकाना नव्हता. नाव, शिक्षण, नोकरी, उंची, राहायला कुठे, अपेक्षा काय. संपला फॉर्म. बाबांनी मंडळ काढलं ते मुळी एवढ्या एका गोष्टीसाठी. मेळाव्याला हॉल लहान मिळो, चहा गार येवो, पाहुणे उशिरा उगवोत, बाबांचं काही म्हणणं नसे. त्या रकान्याचं नाव काढलं की मात्र ते अंगावर धावून जात. एकदा कुणीतरी दुसऱ्या एका मंडळाचा फॉर्म दाखवायला आणला. त्यात पोटजात हा शब्द नव्हता, ‘पूर्वाश्रमीची’ असं सोवळं नाव देऊन तीच चौकशी केली होती. बाबांनी फॉर्म वाचला, त्याची घडी घातली आणि टेबलाच्या लंगड्या पायाखाली सारली. “पूर्वाश्रमीची म्हणे! म्हणजे माणूस मेला, पण रेशनकार्डावर नाव चालू.”

बाबा बस डेपोत कारकून होते. भोईवाड्याच्या मागे चाळीत आमची खोली, आणि खोलीतला अर्धा पलंग मंडळाच्या फायलींचा. आम्ही मूळचे कोकणातले. धम्म घेतला तो आजोबांनी. बाबा म्हणत, “माझ्या बापाने ते ओझं उतरवलं. आता पोरांच्या लग्नासाठी मी ते परत डोक्यावर घेऊ काय?”

बाहेरच्या माणसाला यातलं काही कळत नाही. मी फोर्टात एका विमा कंपनीत नोकरीला होते. तिथल्या बायका ‘तुमच्यात’ असं म्हणून काहीबाही विचारायच्या. तुमच्यात हळद लावतात का, तुमच्यात मंगळसूत्र असतं का. त्यांच्या लेखी आम्ही सगळे एकाच डब्यातले. आत डोकावल्या असत्या तर त्यांना फार करमलं असतं, अगदी घरच्यासारखं. कोकणातले वेगळे, घाटावरचे वेगळे, विदर्भातले वेगळे, आणि त्या प्रत्येकात पुन्हा जुन्या भिंती. सभा एकत्र, मोर्चा एकत्र, वर्गणी एकत्र. सोयरीक म्हटली की जो तो आपापल्या दाराला कडी लावणार. हे मी उघड बोलते म्हणून आमचेच लोक माझ्यावर चिडतात. चिडू देत. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणून किती वर्षं गप्प बसायचं?

पोटजात कुणी तोंडावर विचारत नसे. विचारायची एक पद्धत होती. आधी “मूळ गाव कुठलं?” मग “तालुका?” मग जरा इकडचं तिकडचं बोलून, सहज आठवल्यासारखं, “आणि मामाचं गाव?” मामाचं गाव कळलं की सगळं कळलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. म्हणून बाबांच्या फॉर्मात गावाचाही रकाना नव्हता. राहायला कुठे, तर नायगाव, शीव, लालबाग. बास झालं.

मेळावा शाळेच्या हॉलमध्ये भरायचा. मुलगा किंवा मुलगी स्टेजवर येणार, माईकवर स्वतःची ओळख करून देणार, खाली बसलेले आईबाप कान टवकारून ऐकणार. बाबा स्टेजच्या कडेला खुर्ची टाकून बसत. एका मेळाव्यात बँकेत नोकरी असलेला एक उंचापुरा मुलगा आला. सगळं नीट बोलला आणि शेवटी म्हणाला, “मुलगी शक्यतो आमच्यातलीच असावी.” बाबा उठले. त्याच्या हातातून माईक घेतला आणि शांतपणे विचारलं, “आमच्यातली म्हणजे? मग हे समोर बसलेत ते कोण? लग्नाला आलेले वऱ्हाडी?”

हॉल हसला. हसता हसता टाळ्या वाजल्या. मुलगा लाल झाला आणि म्हणाला, “तसं नाही काका, अट नाही काही.” बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि माईक परत दिला. त्यानंतर बरीच वर्षं आमच्या मेळाव्यात माईकवरून कुणी तसं बोललं नाही. बाबांना वाटलं, जिंकलो. मलाही वाटलं. घरी आल्यावर आई भाकरी थापता थापता म्हणाली, “माईकवर सगळेच शहाने असतात.” आईच्या बोलण्याकडे तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही.

माझं लग्न त्याच हॉलमध्ये ठरलं. नवरा विदर्भातला, सरकारी नोकरीसाठी मुंबईत आलेला. माईकवर तो म्हणाला होता, “मी इथं एकटाच राहून राहिलो,” आणि पुढच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. मला तो आवडला. बाबांना तर इतका आवडला की त्यांनी त्याच्या मामाचं गाव आजतागायत विचारलं नाही. माझ्या चुलत्यांनी मात्र विचारलं आणि ते लग्नाला आले नाहीत. त्यांच्याकडून पुढे कधी दिवाळीचा डबाही आला नाही. सासरीही सगळं गोड नव्हतं. मी आमटीत खोबरं वाटून घातलं की सासूबाई ताटातली वाटी बाजूला सारायच्या. पण ते चालतं, ते कुठल्याही घरात असतं. बाबा प्रत्येक मेळाव्यात आम्हा दोघांना उभं करून टाळ्या वाजवायला लावायचे. तो मात्र मला खरोखरच वैताग होता.

मोबाईलला बटणं होती त्या काळात मंडळाने वेबसाइट करायचं ठरवलं. बाकीच्या सगळ्या समाजांच्या मंडळांनी केल्या होत्या, आपण मागे का राहायचं, असं कमिटीत ठरलं. बाबांनी वेबसाइट कशाशी खातात ते पाहिलं नव्हतं. माझ्या ऑफिसात कॉम्प्युटर होता, म्हणून मला सोबत घेतलं. गिरगावात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक तरुण वेबसाइटी करून द्यायचा. जागा वडिलोपार्जित, उंच छताची. पणजोबा म्हणे कुठल्याशा पेढीचे कारभारी होते, त्यांचा फोटो भिंतीवर आणि फोटोखाली तीन कॉम्प्युटर. मुलगा बोलायला गोड. बाबांना “काका, बसा ना” म्हणाला, पंखा वाढवला, चहा मागवला. मला उगाच वाटलं की आमच्या आडनावावर तो क्षणभर थांबला. वाटलं असेल. ही शंका माझ्या हाडात आहे, ती कुणी घातली ते मी सांगत बसत नाही.

त्याच्याकडे वधू-वर मंडळांचा एकच तयार साचा होता. सगळ्या जातींना तोच विकायचा, रंग तेवढा बदलायचा. आमच्यासाठी त्याने निळा लावून दाखवला. पहिल्या पानावर दोन अंगठ्या आणि फिरणारं फूल. बाबा खूश झाले. “फूल फिरतंय बघ,” असं मला दोनदा सांगितलं. मग त्याने फॉर्म उघडला. गोत्र, रास, नक्षत्र, मंगळ, उपजात. बाबांचा चेहरा उतरला.

“हे काढा.”

“गोत्र काढतो काका. मंगळाला काय करू? आहे, नाही, सौम्य असे पर्याय आहेत.”

“चौथा घाला. मानत नाही.”

तो हसला आणि घातलाही. आमच्या साइटवर शेवटपर्यंत मंगळाला चार पर्याय होते, आणि त्यातला चौथा बहुधा महाराष्ट्रात फक्त आमच्याकडेच असेल. पण उपजातीपाशी त्याचं घोडं अडलं. म्हणाला, शोधायची सगळी यंत्रणा त्या रकान्यावर उभी आहे, तो काढला तर साइट कोसळेल. कुठल्याच गिऱ्हाइकाने आजवर तो काढायला सांगितला नव्हता. ते ऐकून मला हसू आलं. मुंबईत घर बांधताना एखादा खांब मध्ये येतो तसा हा महाराष्ट्राच्या लग्नाचा खांब. तो हलवला की छत खाली.

बाबा उठायलाच तयार नव्हते. शेवटी तो मुलगा म्हणाला, “काका, असं करू. दिसणार नाही. मी लपवून टाकतो.”

“म्हणजे काढला ना?” मी विचारलं.

“ताई, एकच ते. कुणाला दिसलाच नाही म्हणजे नाहीच.”

बाबांनी मान डोलावली. न दिसणारी गोष्ट नसते असं मानणारा माणूस आयुष्यभर एका न दिसणाऱ्या गोष्टीशीच भांडत आला होता, हे तेव्हा ना त्यांच्या लक्षात आलं ना माझ्या.

काम झाल्यावर त्या मुलाने खिशातून एक जाडजूड फोन काढला. त्याला बारीक काडी होती, काडीने पडद्यावर टोचायचं. म्हणाला, “काका, हे टेबलावरचे कॉम्प्युटर राहणार नाहीत. पुढे सगळं असं हातात येणार. माणूस बसस्टॉपवर उभा राहून स्थळं बघेल. रिक्षात बसून होकार कळवेल.” बाबांनी फोन हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि लहान मुलासारखा परत द्यायला वेळ लावला.

गिरगावातून परत येताना ते बसमध्ये एकटेच बोलत होते. मेळाव्याला येणार कोण, तर भोईवाडा, नायगाव, फार तर शीव. गडचिरोलीची मुलगी कशी येणार? सावंतवाडीचा मुलगा कसा येणार? आता हातातल्या यंत्रात दोघं भेटतील. मध्ये ना चुलता, ना मामा, ना मामाचं गाव. पुढच्या मेळाव्यात त्यांनी हे भाषणात सांगितलं. “यंत्र जात पाळत नाही,” असं म्हणाले. फार टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

साइटच्या तळाला किती जणांनी भेट दिली त्याचा आकडा दिसायचा. बाबा दादर स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन तो बघून यायचे. आकडा रोज वाढायचा. पुढे कळलं की पान पुन्हा पुन्हा उघडून बाबाच तो वाढवत होते. त्यांना कॅफेवाल्याने समजावलं तर म्हणाले, “मग? मी समाजातला नाही काय?”

साइटवर नाव नोंदवणारे खरोखर आले. बाबा म्हणाले होते तसेच, लांबलांबचे. आणि फोन सुरू झाले. घरच्या फोनवर, काळ्या जड रिसीव्हरवर. “जय भीम साहेब, साइट पाहिली. फार छान. एकच विचारायचं होतं, ती मुलगी… म्हणजे कुठल्या बाजूची?” बाबा म्हणत, “परळच्या बाजूची.” “नाही, मूळ?” “मूळ माणसाची.” असं म्हणून ते रिसीव्हर आपटत. समोरची माणसं परत फोन करत, पण बाबा डेपोत गेल्यावर. तेव्हा आईने उचलला की दोन वाक्यांत त्यांचं काम होऊन जाई. आई खोटं बोलत नसे आणि तिला कुणाचं लग्नही अडवायचं नसे.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. हॉलमध्ये जो माणूस टाळ्या वाजवायचा, तोच घरी जाऊन फोन लावायचा. हॉलमध्ये त्याच्या शेजारी दुसरा बसलेला असे, त्या दुसऱ्याची लाज असे. तेवढ्या लाजेवर आमचं मंडळ चाललं होतं. बाबांनी माणसं बदलली नव्हती, फक्त चारचौघांत बसवली होती. ते काही कमी नव्हतं म्हणा. चारचौघांच्या लाजेने का होईना, काही लग्नं झाली. माझं झालं.

मग ते गिरगावातल्या मुलाने सांगितलेलं भविष्य आलं. प्रत्येकाच्या हातात पडदा आला. त्याला काडीही लागेना, बोट पुरे. माणसं खरंच बसस्टॉपवर उभी राहून स्थळं बघू लागली. आमच्या साइटवरचं फूल जुनं दिसायला लागलं, मग ती मोबाईलवर नीट उघडेचना. मेळाव्याच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. येणारे यायचे तेही मान खाली घालून आपापल्या फोनमध्ये. स्टेजवर मुलगी ओळख करून देतेय आणि खाली तिचंच नाव कुठल्या तरी दुसऱ्या साइटवर शोधणं चाललंय, असं मी पाहिलंय. तिथे सगळे रकाने होते. एक दाबायचं, बाकीचे गळून जातात. मामाचं गाव विचारायला नको की काही नको. ना कुणी हसतं, ना कुणी माईक काढून घेतं. माईकवर जे बोलायला जीभ चाचरायची ते करायला बोटाला काहीच वाटत नाही. हे यंत्र माणसाला एकटं करतं, आणि एकटा माणूस जसा असतो तसा वागतो.

माझा भाऊ माझ्याहून बराच धाकटा. तो इंजिनीअर झाला, ऐरोलीला कंपनीत लागला. त्याने लग्न केलं ते आईच्या तालुक्यातल्या मुलीशी, आईच्याच एका नात्यातून. मेळाव्याची पायरी चढला नाही. बाबा लग्नात हसतमुख होते. भावजय गुणाची आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मंडळाच्या अध्यक्षाचा मुलगा तालुका बघून लग्न करतो, याला काय म्हणायचं? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

दोनेक वर्षांपूर्वी कमिटीतल्या तरुणांनी ठरवलं की आता मंडळाचं अ‍ॅप हवं. भावाने ते काम अंगावर घेतलं, बिनपैशांचं, समाजासाठी. मला अभिमानच वाटला. जुन्या साइटवरची सगळी माहिती त्याने उचलून अ‍ॅपमध्ये घातली. त्या माहितीबरोबर तो लपवलेला रकानाही आला. इतकी वर्षं तो खाली तसाच होता. भावाने मला फोन करून हसत सांगितलं, “ताई, बाबांचा रकाना सापडला!”

“मग काढ की आता.”

त्याने हसणं आवरलं. मग म्हणाला, “कमिटीचं म्हणणं आहे, चालू ठेवावा.”

मी त्याच रविवारी चाळीत गेले. आई तोवर गेलेली होती. बाबा खिडकीशी बसले होते, आणि भाऊ त्यांच्यासमोर लॅपटॉप घेऊन. मी चप्पल काढता काढताच सुरू झाले.

“तुला लाज नाही वाटत?”

“ताई, आधी ऐक ना. रकाना नसला की लोक येऊन परत जातात यार. दुसऱ्या साइटवर सगळं मिळतं त्यांना. मंडळ बंद पडेल अशाने.”

“पडू दे बंद.”

“तुझं झालं ना लग्न. बाकीच्यांच्या पोरांचं काय? आणि मी कुणाला सांगत नाहीये की पोटजात बघा म्हणून. ज्याला बघायची तो बघेल, नाही तो ‘कोणतीही’ करेल. चॉइस आहे.”

“चॉइस म्हणे! बाबांनी एवढी वर्षं काय केलं मग?”

“बाबांनी चूक केली असं कुठे म्हणतोय मी? तो काळ वेगळा होता, ताई.”

काळ वेगळा होता. हे वाक्य कुणी शोधून काढलं त्याला एकदा भेटायचंय मला. काळ बिचारा काय करणार? तो लॅपटॉपवर बसून रकाने चालू करत नाही.

आमचं भांडण चाललं होतं तेव्हा बाबा खिडकीबाहेर बघत होते. एवढंच विचारलं, “कमिटीत मतदान घेतलंस?” भावाने फोन दाखवला. ग्रुपवर विचारलं होतं. खाली अंगठ्यांची रांग. ज्यांची लग्नं बाबांनी हॉलमध्ये लावून दिली होती त्यांचेही त्यात अंगठे होते. बाबांनी ती रांग वर-खाली करून सगळी पाहिली. शिव्या देतील, लॅपटॉप बंद करतील, असं मला वाटत होतं. त्यांनी फोन परत दिला आणि म्हणाले, “बहुमत आहे.” त्यांना मग सल्लागार केलं. अ‍ॅपवर सगळ्यात वर त्यांचा फोटो आहे, हार घातलेला नाही एवढंच.

यापुढचं सांगताना माझा हात जड होतो, कारण ते माझ्या मुलाचं आहे.

मुलाला लोअर परळला बरी नोकरी आहे. स्वभावाने बापावर गेलाय, शांत. कॉलेजातली एक मुलगी त्याला आवडत होती, आमच्यातलीच. म्हणजे बाबांच्या अर्थाने आमच्यातली. तिच्या घरी चहाला गेलो. तिच्या आईने आधी माझं गाव विचारलं, मग मिस्टरांचं. मी दोन्ही सांगितली. बाई हसत होत्या, पण कप उचलायच्या थांबल्या. आठवड्याने निरोप आला, पत्रिका आम्ही मानत नाही पण घरातल्या मोठ्यांचं जमत नाहीये. मुलगीही पुढे काही बोलली नाही. मुलगा त्यानंतर दोन-चार दिवस नीट जेवला नाही, मग जेवायला लागला. त्याला राग येत नाही, याचाच मला राग येतो.

नंतरच्या स्थळांचंही तेच. कोकणातले म्हणतात, बाप तिकडचा. तिकडचे म्हणतात, आई कोकणातली. आम्ही दोघं बाबांचा विजय होतो. स्टेजवर उभे राहून टाळ्या घेतल्या होत्या आम्ही. त्या टाळ्या वाजवणारे हात आता माझ्या मुलाचा फोटो बघतात आणि अंगठ्याने बाजूला सारतात. कधी कधी वाटतं, बाबांनी तो माईक हातात घ्यायलाच नको होता. मग वाटतं, छे. आणि मग पुन्हा वाटतं.

मुलगा म्हणाला, “मला त्यात पाडू नका, मी कुठे नाव घालणार नाही.” पण आजोबांनी विचारल्यावर त्याला नाही म्हणता आलं नाही. बाबांना आता चालवत नाही. वय झालं, डोळ्यांची ऑपरेशनं झाली. भावाने त्यांना मोठ्या पडद्याचा फोन दिलाय, अक्षरं लाडवाएवढी करून. त्यावर ते बातम्या बघतात आणि ओळखीतलं कोण गेलं ते बघतात. गेल्या महिन्यात मी दुपारची गेले तर म्हणाले, “बस. नातवाचं नाव मी स्वतः घालतो. मंडळ माझं, पहिला फॉर्म मी लिहिला, हाही मीच भरतो.”

मी शेजारी बसले. त्यांनी नाव भरलं, एकेक अक्षर शोधत. शिक्षण भरलं. नोकरी भरली. फोटो मी घालून दिला. मंगळापाशी आले तेव्हा त्यांनी ‘मानत नाही’ शोधलं, ते आता नव्हतं. “घाल म्हणावं त्याला,” असं पुटपुटून ‘नाही’ दाबलं. मग तो रकाना आला.

ते दाबल्यावर खाली लांबलचक यादी उघडली. इतक्या पोटजाती एका ठिकाणी, ओळीने, स्वच्छ अक्षरांत लिहिलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. माझ्या मुलाला त्यातल्या निम्म्यांची नावंही माहीत नसतील. बाबांना सगळी माहीत होती. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत नेली आणि बंद केली. रकाना रिकामा ठेवून खालचं ‘पुढे’ दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. रकान्याभोवती लाल चौकट आली.

“हे पुढे का जात नाही?”

“भरल्याशिवाय जात नाही, बाबा.”

“‘कोणतीही’ आहे म्हणाला होता ना तो?”

“ते समोरच्याची शोधताना. स्वतःची द्यावी लागते.”

मी म्हणाले, राहू दे. मी म्हणाले, आपण नाही घालायचं त्याचं नाव, झक मारत गेलं ते अ‍ॅप, त्याला फोन लावते आत्ता आणि शिव्या घालते. माझा आवाज चढला होता. बाजूच्या खोलीतल्या काकू दारात येऊन बघून गेल्या. बाबांनी हाताने मला गप्प केलं.

“माझ्यानंतर याचं कोण बघणार आहे?” ते म्हणाले. “एकटा राहील पोरगं.”

त्यांनी यादी परत उघडली. दोनदा भलतंच दाबलं गेलं. ते शांतपणे मागे आले. मला काही विचारलं नाही. माझ्या नवऱ्याच्या मामाचं गाव ज्यांनी आयुष्यात विचारलं नव्हतं, त्यांना ते माहीत होतं. सगळं माहीत होतं, पहिल्यापासून. मूल बापाचं, या हिशेबाने त्यांनी नवऱ्याची पोटजात शोधली, तिच्यावर बोट ठेवलं आणि डोळे मिटून दाबली. लाल चौकट गेली. पडदा सरकला.

“उंची किती गं त्याची?” बाबांनी विचारलं.

मी सांगितली.